पॉलिमर क्ले: पहिल्या गोळ्यापासून पहिल्या पेंडंटपर्यंत

पॉलिमर क्लेमध्ये रंग वरून द्यायचा नसतो, तो क्लेच्या पोटातच असतो. भाजलेला तुकडा कापा, घासा, त्याला भोक पाडा, आतूनही तोच रंग निघतो. म्हणून इथे कलाकारी ब्रशपासून सुरू होत नाही, दोन रंगांचे गोळे एकत्र मळायला घेतले की तिथेच सुरू होते. नवशिक्यांनी आकार, साचे आणि कटर यांच्या मागे लागण्याआधी रंग, मळणं आणि भाजणं या तीन गोष्टींवर हात बसवावा असं माझं ठाम मत आहे. या लेखाचा बराचसा भाग त्यांच्यावरच आहे.

आधी हे माध्यम काय आहे ते बघू. नावात क्ले असली तरी ही जमिनीतली माती नव्हे. पीव्हीसी या प्लास्टिकचे अतिबारीक कण, त्यांना मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर, रंगद्रव्य आणि थोडी भर घालणारी पूड असं हे मिश्रण असतं. हवेत ठेवून ते वाळत नाही. उष्णता मिळाली की पीव्हीसीचे कण प्लास्टिसायझर शोषून फुगतात आणि एकमेकांत वितळून एकसंध होतात. भाजणं म्हणजे पाणी उडवणं नव्हे, कण जोडणं, हे डोक्यात पक्कं असलं की ओव्हनमधल्या पुढच्या सगळ्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. हवेत वाळत नसल्याचा मोठा फायदा असा, की अर्धवट काम झाकून ठेवून पुढच्या आठवड्यात तिथूनच पुढे नेता येतं.

या माध्यमाचा इतिहास छोटा आहे. जर्मनीत बाहुल्या बनवणाऱ्या केटे क्रूझ यांच्या कन्या फिफी रेहबिंडर यांनी घडवलेलं मिश्रण १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने घेतलं आणि १९६६ पासून ते फिमो या नावाने विकलं जाऊ लागलं. अमेरिकेत स्कल्पीही साधारण त्याच दशकात आली. चिनीमातीला किंवा काचेला हजारो वर्षांची परंपरा आहे, पॉलिमर क्लेला जेमतेम साठ. म्हणूनच तिने बाकीच्या कलांकडून मनमोकळेपणाने उचललं: इटलीतल्या मुरानोच्या काचकामातून मिलेफिओरी, म्हणजे आत नक्षी असलेल्या कांडीचे काप, आणि जपानी धातुकामातून मोकुमे गाने, म्हणजे थरांतून लाकडासारख्या रेषा काढणं.

सुरुवातीला काय घ्यावं

रंग कमी घ्या. पांढरा, काळा, एक पिवळा, एक लाल किंवा मॅजेंटा, एक निळा आणि एक पारदर्शक. यातून बाकीचे रंग तुमचे तुम्ही तयार करा. तीस रंगांचा तयार संच घेतलेल्यांचं काम बहुधा त्या संचासारखंच दिसतं, आणि सहा रंगांतून मिसळणाऱ्यांचं काम त्यांच्या स्वतःच्या नजरेसारखं.

क्लेच्या प्रकारांत फरक असतो. फार मऊ क्ले हाताला छान वाटते, पण त्यात बारीक नक्षी टिकत नाही, कडा दबतात आणि भाजल्यावर पातळ तुकडे कटकन मोडू शकतात. स्कल्पी प्रीमो, फिमो प्रोफेशनल, सर्निट, काटो या भाजल्यावर चिवट राहणाऱ्या क्ले आहेत. यातली काटो मळायला सगळ्यात कडक, पण नक्षी धरून ठेवण्यात फार चांगली. सुरुवातीला यातली एकच कंपनी निवडा, म्हणजे भाजण्याचं तापमानही एकच राहतं.

अवजारं थोडकीच लागतात. काम करायला एक गुळगुळीत सिरॅमिक टाइल, लाटायला अॅक्रिलिकचा रोलर, कापायला पातळ, लांब, लवचिक स्टीलची ब्लेड, एक जाड सुई, आणि ओव्हनसाठी वेगळा थर्मामीटर. पास्ता मशीन, म्हणजे दोन रोलरमधून एकसारख्या जाडीची पट्टी लाटणारी मशीन, असेल तर काम कितीतरी हलकं होतं, पण पहिल्या दिवशी नसली तरी चालते. क्लेसाठी वापरलेलं कोणतंही भांडं, मशीन किंवा कटर पुन्हा खाण्याच्या पदार्थांना लावायचं नाही. भाजलेल्या क्लेच्या वाट्या आणि चमचेसुद्धा शोभेपुरतेच, खाण्यापिण्यासाठी नव्हेत.

कच्ची क्ले कशात ठेवता याकडेही लक्ष द्या. तिच्यातलं प्लास्टिसायझर काही प्लास्टिक खातं. पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे तळाशी त्रिकोणात ६ आकडा असलेल्या डब्यात ठेवली तर डबाच चिकट होतो आणि क्ले त्याला धरून बसते. ५ आकडा असलेले पॉलिप्रोपिलीनचे डबे चांगले. पॉलिश केलेल्या लाकडी टेबलावर तर कच्चा तुकडा रात्रभर ठेवूच नका, पॉलिशवर डाग पडतो.

मळणं

पाकिटातून काढलेली क्ले लगेच वापरण्याजोगी दिसते, पण ती न मळता वापरू नका. पडून राहिलेल्या क्लेत प्लास्टिसायझर सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. न मळता भाजली तर ती ठिसूळ होते आणि कडांना चिरा दिसतात. ब्लेडने पातळ काप करा, ते हातात दाबून एकत्र आणा, वळी करा, दुमडा, पुन्हा वळी करा. मळून झाली का ते तपासायला एक पातळ पट्टी लाटून दुमडा. दुमडीवर चिरा पडल्या तर अजून मळायला हवी.

क्ले फारच कडक असेल तर त्याच कंपनीचं सॉफ्टनर एखादा थेंब घालून मळा, किंवा थोडी पारदर्शक क्ले मिसळा. उलट फार मऊ आणि चिकट असेल तर तिची पट्टी दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर पुस्तकांचं वजन द्या. काही तासांत कागदावर तेलकट डाग उमटतो, म्हणजे जास्तीचं प्लास्टिसायझर बाहेर आलं. मळताना आणि दुमडताना आत हवा कोंडू देऊ नका, तीच पुढे ओव्हनमध्ये फुगून वर येते.

हात धुणं हा या कामाचाच भाग समजा. रंग नेहमी फिक्याकडून गडदाकडे हाताळा: आधी पांढरा, मग पिवळा, शेवटी लाल आणि काळा. लाल रंग बोटांना असा चिकटतो की पुढच्या पांढऱ्या गोळ्यावर गुलाबी ठसे हमखास उमटतात. ओल्या टिश्यूने मशीनचे रोलरही मध्येमध्ये पुसा. कपड्यांचे तंतू हा पांढऱ्या क्लेचा मोठा शत्रू, त्यामुळे लोकरीचं किंवा तंतू सुटणारं काही अंगावर नको.

रंग मिसळणं

गडद रंगांची ताकद फार असते. पोपटी हिरवा हवा असेल तर पिवळा गोळा घ्या आणि त्यात निळ्याचा तांदळाएवढा कण घाला. निळ्यात पिवळा घालत बसलात तर पिवळ्याचं अख्खं पाकीट संपेल आणि हिरवा गडदच राहील. रंग भडक वाटला तर त्याच्या विरुद्ध रंगाची चिमूट घाला: हिरव्यात लालाची, केशरीत निळ्याची. पाकिटातून आलेला रंग आणि विचार करून मिसळलेला रंग यातला फरक बहुतेक वेळा या चिमटीचाच असतो.

जमलेला रंग पुन्हा करता यावा म्हणून मापाने मिसळा. सगळे रंग एकाच जाडीचे लाटा, एकाच लहान गोल कटरने चकत्या पाडा आणि "पिवळा ८, निळा १, लाल पाव" अशी नोंद करा. प्रत्येक मिश्रणाची एक चकती भोक पाडून भाजा, मागे नोंद लिहा आणि दोऱ्यात ओवून ठेवा. भाजल्यावर काही रंग थोडे गडद होतात आणि पारदर्शक मिसळलेले रंग तर पुष्कळच बदलतात, म्हणून कच्च्या रंगावर विश्वास ठेवू नका. भाजलेली चकती खरी.

आता छटा. ज्युडिथ स्किनर यांच्या नावाने ओळखला जाणारा स्किनर ब्लेंड या क्षेत्रात प्रत्येकाने शिकायलाच हवा. गडद हिरवा आणि पिवळा असे दोन रंग घ्या. दोन्हींच्या एकाच जाडीच्या आयताकृती पट्ट्या करा, प्रत्येक पट्टी कर्णावर कापा आणि एका रंगाचा त्रिकोण दुसऱ्याच्या त्रिकोणाला लावून पुन्हा आयत जोडा. लावताना टोकं एकमेकांशी तंतोतंत न जुळवता थोडी सरकवा, म्हणजे दोन्ही बाजूंना शुद्ध रंगाची एक अरुंद पट्टी शिल्लक राहते. टोकं जुळवून लावली तर शुद्ध पिवळा आणि शुद्ध गडद हिरवा दोन्ही हरवतात.

हा आयत असा दुमडा की पिवळी कड पिवळ्यावर आणि हिरवी हिरव्यावर येईल. दुमडीची बाजू आधी घालून मशीनमधून काढा. पुन्हा तसाच दुमडा, पुन्हा काढा. दिशा एकदाही बदलायची नाही. पहिल्या पाचसहा वेळा नुसते ओरखडे आणि पट्टे दिसतात, आणि इथेच अनेकजण काहीतरी चुकलं म्हणून सोडून देतात. वीस-पंचवीस वेळा झालं की पट्टे विरतात आणि पिवळ्याकडून हिरव्याकडे जाणारी एकसंध छटा समोर येते. रोलरने हाताने लाटूनही हे होतं, फक्त वेळ जास्त लागतो.

पहिली केन: पान

केन म्हणजे क्लेची अशी कांडी, जिच्या आत चित्र असतं. पेन्सिलीतलं शिसं जसं या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं, तसं चित्र कांडीभर जातं, आणि कुठेही काप घेतला तरी तेच दिसतं. पानाची केन शिकायला सोपी आणि दिसायला श्रीमंत, म्हणून तिच्यापासून सुरुवात करावी.

मघाशी केलेली छटा आता अशी फिरवा की रंग लांबीच्या दिशेने बदलेल, आणि मशीनमधून काढून लांब, पातळ रिबन करा. पिवळ्या टोकाकडून घट्ट गुंडाळत जा. मध्यभागी पिवळा आणि बाहेर गडद हिरवा अशी जाड कांडी तयार होते. ती दाबून साधारण ४ सेंटीमीटर रुंद आणि तेवढीच उंच करा.

कांडी उभी ठेवा आणि वरून खाली ब्लेडने तिचे चारपाच समांतर काप करा. प्रत्येक दोन कापांमध्ये अगदी पातळ लाटलेला फार गडद हिरवा किंवा तपकिरी थर घाला आणि कांडी पुन्हा जोडा. या झाल्या पानाच्या शिरा. आता वरच्या गोल तोंडाकडे बघा. शिरांच्या रेषांना तिरकी जाणारी एक रेघ मनात आखा आणि त्या रेघेवर कांडीचे उभे दोन भाग करा. एक अर्धा भाग उलटा करा, म्हणजे त्याचं वरचं तोंड खाली जाऊ द्या. दोन्ही अर्धे पुन्हा शेजारी लावले की शिरांचे इंग्रजी व्ही अक्षरासारखे कोन जुळतात. मध्ये मुख्य शिरेचा थोडा जाड थर घालून घट्ट दाबा आणि एका कडेला चिमटा घेऊन टोक काढा. पान झालं.

पण हे पान अजून फार मोठं आहे. ते लहान करण्याला रिड्यूस करणं म्हणतात, आणि कौशल्याचा कस इथे लागतो. दोन्ही हातांनी आधी कांडीची कंबर दाबा, मग हळूहळू टोकांकडे सरका. दर वेळी कांडी थोडी फिरवा, नाहीतर चित्र एका बाजूला कलंडतं. जाडी निम्मी झाली की लांबी चौपट होते, त्यामुळे लहानशा गोळ्यातून खूप काप निघतात. घाई केली तर बाहेरची क्ले पुढे धावते आणि आतली मागे राहते. दोन्ही टोकांचा सेंटीमीटरभर भाग वेडावाकडा होणारच, तो कापून भंगाराच्या डब्यात टाका. केनमधले सगळे रंग सारखेच कडक असायला हवेत. एक मऊ आणि एक कडक असेल तर शिरा तुटतात किंवा नागमोडी होतात.

काप घेण्याआधी केन फ्रिजमध्ये वीसेक मिनिटं ठेवा. ब्लेड सरळ खाली दाबा आणि दर कापानंतर केन थोडी वळवा, म्हणजे एकच बाजू चपटी होत नाही.

पेंडंट घडवणं

पार्श्वभूमीसाठी ३ मिलिमीटर जाडीची पट्टी लाटा. तिच्यावर पानाचे पातळ काप मांडा, वर बटर पेपर ठेवा आणि रोलर हलक्या हाताने फिरवा, म्हणजे काप पट्टीत बसून पृष्ठभाग सपाट होतो. मांडणी करताना सगळी जागा भरायचा मोह टाळा. तीन पानं आणि भरपूर मोकळी जागा ही पंधरा पानांपेक्षा अधिक बोलते.

कापलेली कड ओबडधोबड असेल तर बोटाने हळूच गोल करा. बोटांचे ठसे घालवायला मऊ ब्रशवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पृष्ठभागावर फिरवा. पोत हवा असेल तर वाळलेलं पान, लेस, जाडाभरडा कागद काहीही दाबता येतं, फक्त आधी पाण्याचा किंवा कॉर्नफ्लोअरचा हात फिरवा म्हणजे चिकटत नाही. जाड मणी किंवा आकृती करायची असेल तर आत अॅल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा भरा: क्ले कमी लागते आणि आतपर्यंत नीट भाजली जाते.

भाजणं

नवशिक्यांच्या तुटलेल्या कामामागे बहुतेक वेळा अपुरं भाजणं असतं. तापमान पाकिटावर लिहिलेलं असतं आणि ते कंपनीगणिक बदलतं: फिमो ११० अंश सेल्सिअस, प्रीमो सुमारे १३०, काटो सुमारे १५०. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यात वीस अंशांचा फरक सहज असू शकतो. शिवाय लहान ओव्हन कॉइल चालू-बंद करत तापमान वरखाली नेतो. म्हणून वेगळा थर्मामीटर आत, वस्तूच्या शेजारी ठेवा, आणि रिकामा ओव्हन अर्धा तास चालवून त्याच्या सवयी समजून घ्या.

पेंडंट टाइलवरच ठेवून भाजा. टाइल उष्णता धरून ठेवते आणि चढउतार सौम्य करते. खाली साधा कागद घाला, नाहीतर टाइलला टेकलेली बाजू चकचकीत होते. वरून फॉइलचा सैल तंबू करा, म्हणजे कॉइलची थेट धग बसून फिके रंग करपत नाहीत. वेळ किमान अर्धा तास, जाड वस्तूला त्याहून जास्त. तापमान योग्य असेल तर जास्त वेळ भाजल्याने वस्तू मजबूतच होते. धोका तापमान वाढण्याचा आहे. ओव्हनमध्येच कुठे १७५-१८० अंशांच्या पुढे गेलं तर पीव्हीसी करपतं आणि हायड्रोजन क्लोराइडची झोंबणारी वाफ सुटते. तसं झालंच तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि हवा स्वच्छ होईपर्यंत खोलीबाहेर थांबा. मायक्रोवेव्हमध्ये क्ले भाजायची नाही.

गरम असताना भाजलेली क्ले वाकते, म्हणून ती कच्ची राहिली असं समजू नका. थंड झाल्यावर तपासा. प्रत्येक खेपेत सोबत एक पातळ पट्टी भाजा आणि थंड झाल्यावर वाकवून बघा. वाकली तर काम झालं. तुटली तर पेंडंट पुन्हा ओव्हनमध्ये घाला. क्ले कितीही वेळा परत भाजता येते, आणि याच गुणामुळे मोठी कामं टप्प्याटप्प्याने उभी करता येतात. पारदर्शक क्ले अधिक नितळ हवी असेल तर ओव्हनमधून काढल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात सोडा.

घासणं, चकाकी, जोडणं

पॉलिश पेपर नेहमी पाण्याखाली वापरा. त्याने धूळ उडत नाही आणि कागद भरत नाही. ४०० नंबरपासून सुरू करून ६००, ८००, १००० असं चढत जा. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे पुढच्या चकाकीत उठून दिसतात. शेवटी जुन्या जीन्सच्या कापडावर जोरात घासलं तरी सुंदर, मऊ तकाकी येते. मला व्हार्निशपेक्षा ही तकाकी आवडते, कारण त्यात क्लेचा स्वतःचा रंग बोलतो. व्हार्निश लावायचंच असेल तर पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) घ्या. नेलपॉलिश आणि बरेच स्प्रे यांतलं द्रावण क्लेशी भांडतं आणि वस्तू काही आठवड्यांनी चिकट होते.

भोक भाजण्याआधी सुईने पाडा किंवा भाजल्यावर बारीक ड्रिलने, हातानेच फिरवून. दोन्ही चालतं, ड्रिलचं अधिक स्वच्छ दिसतं. भाजलेल्या तुकड्यावर कच्ची क्ले चिकटवायची असेल तर मध्ये लिक्विड क्ले, म्हणजे पातळ, ओतता येणारी पॉलिमर क्ले, लावून पुन्हा भाजा. धातूचा हुक किंवा पिन बसवायला भाजून झाल्यावर दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद वापरा आणि दोन्ही बाजू आधी थोड्या घासून घ्या. सुपरग्लू ओव्हनच्या उष्णतेत कमजोर होतो, म्हणून त्यावर पुन्हा भाजणं नको.

पुढे काय

एक केन जमली की दहा नवीन तंत्रांकडे धावू नका. तीच पानाची केन तीन वेगळ्या रंगसंगतींत करा, एकदा शिरा फिक्या ठेवा, एकदा काप पारदर्शक क्लेचे करून गडद पार्श्वभूमीवर बसवा. मग चांगलं काम बघा. कॅथलीन डस्टिन यांनी पारदर्शक थरांवर थर चढवून आणलेली खोली, पिअर व्होल्कस यांनी अभ्रकाच्या चमकत्या क्लेवर केलेलं काम, स्टीव्हन फोर्ड आणि डेव्हिड फोरलानो यांचे दागिने यांत तंत्र आणि विचार वेगळे काढता येत नाहीत. अमेरिकेतल्या रॅसिन आर्ट म्युझियमने २०११ मध्ये पॉलिमर कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. बघताना नक्कल करण्याजोगा आकार शोधू नका. त्यांनी किती रंग वापरले, कुठे जागा मोकळी सोडली, कड कशी संपवली, ते बघा.

आणि भंगाराचा डबा फेकू नका. केनची कापलेली टोकं एकत्र दाबून, पिळून, लाटली की कुठल्याही आराखड्याशिवाय नवे पट्टे निघतात. मण्यांच्या आतला गाभा, पेंडंटची मागची बाजू, पोत तपासायचे तुकडे, सगळ्याला ही क्ले चालते. फक्त पांढऱ्याचं आणि पारदर्शकाचं भंगार वेगळं ठेवा.